पाठटाचण : एका वहीचा इतिहास



आपल्या मुलाच्या दप्तरात किती वह्या आहेत हे आपणांस ठाऊक असते. जून महिन्यात त्या विकत आणताना खिशाला बसलेली झळ सहसा कोणी विसरत नाही. परंतु शाळेत आणखी एक वही असते, जी आपल्या नजरेस कधी पडत नाही. ती शिक्षकाची असते. तिला पाठटाचणाची वही म्हणतात. उद्या कोणत्या वर्गावर, कितव्या तासाला, कोणता पाठ घ्यावयाचा, सुरुवात कोणत्या प्रश्नाने करावयाची, फळ्यावर काय लिहावयाचे, गृहपाठ कोणता द्यावयाचा, हे शिक्षकाने आदल्या दिवशी तीत टाचून ठेवावयाचे असते. मुख्याध्यापक ती पाहून सही करतात. शिरूर आणि दौंड या दोन गावांकडच्या शाळांत मराठी शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. त्या काळात अशा कित्येक वह्या मी भरल्या. काही मनापासून भरल्या, काही निव्वळ सहीसाठी भरल्या. आज या वहीचा इतिहास आपणांस सांगावा असे मनात आहे. कारण आपला मुलगा मराठीत मागे का पडतो, याचे उत्तर मी तरी अनेकदा त्याच्या वहीत शोधले आणि ते मला माझ्याच वहीत सापडले.

पूर्वतयारीची कल्पना आपल्याकडे इंग्रजांनी आणली असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. लखनौच्या फिरंगी महालातील मुल्ला निजामुद्दीन (मृत्यू १७४८) यांच्या नावाने ‘दर्स-ए-निजामी’ हा अभ्यासक्रम मदरशांत रूढ झाला. त्या परंपरेत धड्याचे तीन भाग असत. उद्याचा मजकूर आदल्या रात्री वाचून, कोठे अडते ते हेरून यावयाचे, हा मुताला. दुसऱ्या दिवशी उस्तादांसमोर धडा, तो दर्स. आणि धडा झाल्यावर मुलांनी आपापसांत तो पुन्हा उलगडावयाचा, ती तकरार. गंमत पाहा, हाच शब्द मराठीत ‘तक्रार’ होऊन आला आणि गाऱ्हाणे या अर्थाने बसला. अरबीत त्याचा अर्थ पुनःपुन्हा करणे एवढाच आहे. येथे तयारीचा भार मुख्यतः विद्यार्थ्यावर होता हे लक्षात घ्यावे. सर्व वर्गाला एकाच वेळी एकच धडा द्यावयाचा आणि त्याची आखणी शिक्षकाने करावयाची, ही मात्र नव्या शाळांची रीत.

त्या नव्या शाळांचा पाया १८५४ सालच्या वुडच्या खलित्याने घातला गेला. त्याच वर्षी परशुरामपंत गोडबोले यांनी संपादिलेला ‘नवनीत’ हा जुन्या मराठी कवितांच्या वेच्यांचा संग्रह निघाला आणि पुढे पिढ्यान् पिढ्या तो शाळांतून चालला. मोरोपंत, वामन, तुकाराम यांची ओळख महाराष्ट्रातील अनेक घरांना त्याच पुस्तकातून झाली. कविता शिकवण्याची पद्धत ठरलेली होती. कडवे वाचावयाचे, अन्वय लावावयाचा, कठीण शब्दांचे अर्थ सांगावयाचे, व्याकरण चालवावयाचे आणि शेवटी सरळ गद्यात अर्थ उतरवून द्यावयाचा. यासाठी टाचणाची गरजच नव्हती. पुस्तक उघडले की तास सुरू. शिक्षण खात्याचे डेप्युटी इन्स्पेक्टर, ज्यांना खेड्यातले लोक ‘दिपोटी’ म्हणत, ते वर्षातून एकदा येत, मुलांना उभे करून विचारीत, आणि अनुदानाचा हिशेब परीक्षेच्या निकालाशी जोडलेला असे. मग मास्तर मुलांकडून तेवढेच घोटून घेत, यात नवल ते काय?

याच काळातील एक आठवण येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. सावित्रीबाई फुले १८५६ च्या ऑक्टोबर महिन्यात आजारपणामुळे नायगावी माहेरी होत्या. तेथून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी फातिमाची काळजी केली आहे : आपल्यामागे तिला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणारी नाही, अशा आशयाची ती ओळ आहे. शाळेत एक शिक्षक रजेवर गेला की दुसऱ्यावर काय येते, हे ज्याने अनुभवले आहे त्याला त्या एका ओळीचे वजन कळेल. जोतीरावांनी पुढे १८८२ साली हंटर कमिशनपुढे जे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शाळांसाठी प्रशिक्षित शिक्षक हवेत, आणि ते शेतकरी-कष्टकऱ्यांच्या जातींतून आलेले हवेत, हा आग्रह आहे. मुलाची भाषा, मुलाचे घर ज्याला माहीत तो चांगला शिकवील, हा त्यामागचा साधा हिशेब. तो हिशेब मला पुढे फार उपयोगी पडला.

हायस्कुलात मात्र मराठीची अवस्था सावत्र लेकरासारखी होती. बाकीचे विषय इंग्रजीतून चालत. मुंबई विद्यापीठाने तर एकोणिसाव्या शतकातच मराठीला वरच्या परीक्षांतून बाहेर काढले होते, आणि ती परत आणण्यासाठी न्यायमूर्ती रानडे यांना आयुष्याच्या शेवटापर्यंत खटपट करावी लागली. साहित्य म्हणून मराठी शिकवावयाची कशी, हा प्रश्नच त्यामुळे उशिरा उपस्थित झाला.

माध्यमिक शिक्षकांसाठी मुंबईला १९०६ साली सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज निघाले. अशा महाविद्यालयांतून जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्ट (१७७६-१८४१) यांचे नाव आपल्याकडच्या शिक्षकांच्या तोंडी बसले. हर्बार्ट यांचे म्हणणे असे की, नवे ज्ञान मनात अधांतरी राहत नाही. ते जुन्या ज्ञानाला चिकटले तरच टिकते. झिलर आणि राइन या त्यांच्या अनुयायांनी यावरून धड्याच्या पाच पायऱ्या बसवल्या. प्रशिक्षणार्थी त्यांना ‘पंचपदी’ म्हणतात : पूर्वतयारी, विषयप्रतिपादन, तुलना, सामान्यीकरण आणि उपयोजन. आधी मुलांना जे येते ते प्रश्नांनी जागे करावयाचे, मग नवे मांडावयाचे, दोन्हींची सांगड घालावयाची, त्यावरून नियम काढावयाचा, आणि शेवटी तो वापरून पाहावयाचा.

गणिताला, व्याकरणाला ही पद्धत झकास लागू पडते. कवितेला लागू पडते का? माझे स्पष्ट मत असे की, पहिली पायरी पडते आणि चौथी पडत नाही. अभंगावरून कोणता नियम काढणार? ‘खरे बोलावे’, ‘आईवर प्रेम करावे’ असली वाक्ये फळ्यावर लिहून आम्ही सामान्यीकरणाची जागा भरीत असू. मुले ती उतरून घेत आणि कविता तेथेच संपे.

आपल्याच पुणे जिल्ह्यातील सासवडकडचे आचार्य अत्रे यांनी या बाबतीत मोठे काम केले, याचे स्मरण आज फारसे कोणी ठेवीत नाही. नाटककार आणि पत्रकार म्हणून ते सर्वांना माहीत आहेत. पण आधी ते पुण्याच्या कँप भागातील शाळेचे मुख्याध्यापक होते, आणि १९२८ साली लंडनहून शिक्षणशास्त्राची पदविका घेऊन आले होते. पुढे त्यांनी ‘नवयुग वाचनमाला’ केली. मुलाला काय वाचावेसे वाटेल हे आधी पाहावयाचे आणि मग धडा लिहावयाचा, हे त्यांचे धोरण होते. ‘दिनूचे बिल’ हा धडा ज्यांनी लहानपणी वाचला ते आजोबा झाले तरी तो विसरलेले नाहीत. तेथे टाचणाचे निम्मे काम पुस्तकानेच केलेले होते.

स्वातंत्र्यानंतर वहीचे रूप पुन्हा बदलले. अमेरिकेतील बेंजामिन ब्लूम यांचे शैक्षणिक उद्दिष्टांवरील पुस्तक १९५६ साली आले, आणि लगेचच ते स्वतः परीक्षा सुधारण्याच्या कामी भारतात येऊन गेले. १९६१ साली राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद स्थापन झाल्यावर ती विचारसरणी सर्वत्र पसरली. टाचणाच्या वहीत उभे रकाने पडले. ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य, आणि भाषेसाठी रसग्रहण, प्रत्येकासमोर स्पष्टीकरणे. १९६६ साली पुण्याला माध्यमिक शिक्षण मंडळ आणि १९६७ साली ‘बालभारती’ची संस्था आली. १९७५ पासून दहावीची नवी परीक्षा सुरू झाली. वार्षिक नियोजन, घटक नियोजन आणि त्याखाली दैनिक टाचण अशी उतरंड तयार झाली.

रकाने वाईट नव्हते. ‘या तासाला मुलाला नेमके काय यावे?’ हा प्रश्न त्यांनी शिक्षकाला विचारावयास लावला. पण रकाना रिकामा ठेवता येत नाही, आणि भरलेला रकाना तपासणाऱ्याला पुरतो. म्हणून गेल्या वर्षीची वही यंदा उतरून काढावयाची पद्धत पडली. बाजारात छापील टाचणे मिळू लागली. आता तर ती मोबाइलवर आयती येतात. शिरूरला जे टाचण, तेच सावंतवाडीला आणि तेच गोंदियाला.

आता माझी कबुली ऐका. दौंडकडच्या एका शाळेत मी नववीच्या वर्गावर होतो. संतकवितेचा पाठ होता. माझ्या टाचणात ‘पूर्वज्ञान’ या मथळ्यासमोर, जुन्या वहीतून उतरलेले एक वाक्य होते : विद्यार्थ्यांना वारकरी संप्रदायाची माहिती आहे. सही झालेली होती. वर्गात एका रेल्वे कामगाराचा मुलगा होता, चौथीपर्यंत उर्दू शाळेत शिकून मराठी शाळेत आलेला. मी त्याला उभे करून विचारले, “पुस्तक कोठे आहे तुझे?” तो म्हणाला, “सर, माझी पुस्तक घरी राहिली.” वर्ग खो खो हसला. मीही, सांगावयास लाज वाटते, थोडा हसलो. त्या दिवसानंतर तो मराठीच्या तासाला आपणहून कधी बोलला नाही. दिवाळीच्या सुटीनंतर तो शाळेतच आला नाही. चौकशी केली तेव्हा कळले की एका गॅरेजात कामाला लागला आहे. त्याने शाळा सोडली ती केवळ माझ्या तासामुळे असे मी म्हणत नाही. घरची ओढाताण होतीच. पण शाळेत थांबावे असे त्याला वाटावे यासाठी माझ्या वहीत एक ओळही नव्हती.

त्याची चूक तरी काय होती? घरी तो दक्खनी बोलत असे. त्याच्या भाषेत ‘किताब’ स्त्रीलिंगी आहे. उर्दूला दोनच लिंगे, मराठीला तीन. ‘माझे पुस्तक’ यातील नपुंसकलिंग त्याच्या कानाला कोठून ठाऊक असणार? ही चूक अडाणीपणाची नव्हती; एका भाषेचा नियम त्याने दुसऱ्या भाषेला प्रामाणिकपणे लावला होता. अशा ठरावीक जागा अनेक आहेत आणि त्या आधीच ओळखता येतात. ‘कमळ’ची ‘कमल’ होते, कारण उर्दूत ‘ळ’ नाही. त्याहून महत्त्वाची जागा म्हणजे ‘आम्ही’ आणि ‘आपण’. मराठीत ऐकणाऱ्याला वगळून ‘आम्ही’ आणि त्याला सामावून ‘आपण’. उर्दूत दोन्हींना ‘हम’. कवितेत कवी ‘आम्ही’ म्हणतो की ‘आपण’, यावर कधीकधी साऱ्या कवितेचा अर्थ फिरतो. आपल्या मुलांसाठी ती जागा टाचणात मुद्दाम लिहून ठेवावी लागते.

शिरूर आणि दौंड ही गावेच अशी आहेत की येथल्या वर्गात एक भाषा कधी नव्हती. घोडनदीकाठचे शिरूर ही इंग्रजांची लष्करी छावणी. १८१८ च्या कोरेगावच्या लढाईची पलटण येथूनच निघाली होती. पुढे येथे अमेरिकन मराठी मिशननेही शाळा काढल्या. दौंड हे रेल्वेचे जंक्शन. मनमाडची शाखा १८७८ साली सुरू झाली आणि देशाच्या नाना भागांतून माणसे पोटामागे येथे आली. अशा गावात ‘विद्यार्थ्यांना माहिती आहे’ असे सरसकट लिहिणारे टाचण खोटे ठरणारच.

त्या प्रसंगानंतर मी जुन्या वह्या बाजूला ठेवल्या आणि पूर्वज्ञानाचा मथळा रोज नव्याने भरू लागलो. एका तासाचे उदाहरण देतो. पाठ तुकारामांच्या अभंगाचा होता, तास पस्तीस मिनिटांचा. पहिल्या पाच-सात मिनिटांत मी तुकारामांचे नावच काढले नाही. विचारले, “दौंडहून नगरकडे निघालेल्या गाडीला श्रीगोंदा रोड स्टेशन लागते. श्रीगोंद्याला कोण गेले आहे?” बरेच हात वर झाले. भीमा ओलांडली की पलीकडे श्रीगोंदा तालुका, तेव्हाचा नगर आणि आताचा अहिल्यानगर जिल्हा. “तेथे मराठीत ओव्या लिहिणारे एक मुसलमान संत होऊन गेले, त्यांचे नाव?” दोन-तीन मुलांना ‘शेख महंमद बाबा’ हे नाव आजीकडून ऐकून माहीत होते, आणि त्यांत हिंदू मुलेही होती. सोळाव्या-सतराव्या शतकातील या संताने ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ मराठी ओवीत लिहिला. मालोजीराजे भोसले यांनी त्यांना श्रीगोंद्यास आणून मठ बांधून दिला असे परंपरा सांगते. वा. सी. बेंद्रे यांनी त्यांची कविता संपादून छापली, आणि डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘मुसलमान मराठी संतकवी’ या पुस्तकात अशा कवींची ओळख करून दिली. ओवी, अभंग, गुरू, नामस्मरण हे शब्द या वाटेने फळ्यावर आले. मुलांनी स्वतःच ‘जिक्र’ हा शब्द नामस्मरणाशेजारी लिहावयास सांगितला. दोन्ही अगदी एक आहेत असे मी म्हटले नाही. साम्य काय, फरक काय, हे त्यांनाच बोलू दिले. मग अभंगाचे आदर्श वाचन, पुन्हा एकदा वाचन, मग मुलांचे अनुवाचन. अर्थ मी सांगितला तो थोडाच. बाकीचे काम झालेले होते.

शब्दार्थ सांगतानाही हीच युक्ती. हजेरी, दप्तर, दाखला, तारीख, कागद, शाई : शाळेतले हे रोजचे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आलेले आहेत. मोल्सवर्थच्या कोशात, ज्याची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली, शब्दांपुढे त्यांच्या मूळ भाषेचे खुणाक्षर दिलेले असते. आणि मराठीत गझल आणणारे कवी माधव जूलियन हे फारसीचे प्राध्यापक होते. त्यांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश केला. मुलांना मी सांगत असे की उर्दूने मराठीला शब्द दिले, तसा आपल्या घरच्या दक्खनीने मराठीकडून ‘नक्को’ घेतला. जिला कोणी मोडकी भाषा म्हणून हसते, तिच्यातूनच वली औरंगाबादीची कविता उगवली. एवढे कळल्यावर मागच्या बाकावरचे मूल मान वर करते, हे मी स्वतः पाहिले आहे.

असे टाचण लिहावयास किती वेळ लागतो? कवितेला एक तास तरी लागतोच, गद्याला थोडा कमी. दिवसाला पाच-सहा तासिका असलेल्या शिक्षकाने तो वेळ कोठून काढावा, ही शिक्षकांची खरी अडचण आहे आणि ती मी नाकारीत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात, आठवीपर्यंतच्या शाळांच्या शिक्षकासाठी आठवड्याला किमान पंचेचाळीस तास धरले आहेत, आणि त्यांत शिकवण्याबरोबर तयारीचेही तास मोजले आहेत. म्हणजे तयारी हे शिक्षकाचे खासगी पुण्य नाही, ते त्याच्या कामाच्या वेळेत बसवलेले आहे. पण सर्वेक्षण, मतदार याद्या, निरनिराळ्या माहितीचे तक्ते यांतून उरेल तो वेळ टाचणाच्या वाट्याला येतो. दर कामगिरीला वर्ग सोडून जाणारा शिक्षक पालकांना दिसतो. त्या रात्री न लिहिलेले टाचण कोणाला दिसत नाही.

आणि म्हणून पालकांना माझी विनंती आहे. पालकसभेला आपण येता तेव्हा ‘मुलगा अभ्यास करतो का?’ एवढेच विचारून परत जाता. अम्मी आली असेल तर ती बहुधा दाराशीच उभी राहते. पुढच्या वेळी बसा, आणि मराठीच्या सरांना किंवा बाईंना घरची भाषा सांगा. आम्ही घरी काय बोलतो, मूल उर्दू किती वाचते, मराठीत कोठे अडखळते, आजी कोणत्या गोष्टी सांगते, हे सांगा. गावात कोणाची दर्गा, कोणाची यात्रा, कोणाच्या घरी जुनी पोथी किंवा उर्दू किताब आहे, तेही सांगा. शिक्षकाला ही माहिती कोणत्याही छापील टाचणात मिळणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी तो जुना मुतालाच आहे. कुमारभारती असो वा अक्षरभारती, उद्याची कविता आज रात्री एकदा मोठ्याने वाचा. जेथे जीभ अडेल तेथे पेन्सिलीने बारीक खूण करा. सकाळी तास सुरू झाला की हात वर करून तीच जागा विचारा. ‘माझी पुस्तक’ म्हणून बसलात तरी विचारा.